दोन जिवांचा अपघात

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून अस्तित्वात आला, आणि त्यानंतरच्या चार दशकांत लोखंडाच्या कारखान्यांनी, बियाण्यांच्या व्यापाराने व मोसंबीच्या बागांनी त्याच्या रस्त्यांवर रहदारीचा जो लोंढा आणून सोडला, त्यात सळ्यांनी भरलेले ट्रक, कापसाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि एकेका दुचाकीवर बसलेली तिघाचौघांची कुटुंबे यांच्या जोडीला डिसेंबर २०२२पासून समृद्धी महामार्गावरील भरधाव मोटारींचीही भर पडली आहे. या रहदारीत वाहनावर बसलेल्या, रस्ता ओलांडणाऱ्या अथवा शेताकडे पायी निघालेल्या स्त्रियांपैकी काही दोन जिवांच्या असतात. त्यांच्यापैकी एखादी गतिरोधकावर दुचाकीवरून उसळून पडली, की भोवती जमलेली माणसे तिला उठवून बसवतात, पाणी देतात, ‘लागलं का कुठं?’ असे आस्थेने विचारतात, आणि ती पदर सावरीत ‘काही नाही झालं’ असे म्हणाली की त्या घटनेची सर्वांच्या लेखी तेथेच अखेर होते. वास्तविक तिच्या या उत्तराला वैद्यकीयदृष्ट्या निम्मीच किंमत असते, कारण ते दोघांपैकी एकाच्याच वतीने दिलेले असते. दुसऱ्याची जबानी घेण्यासाठी जाणकार माणूस लागतो, यंत्र लागते आणि काही तासांचा अवधी लागतो. आई सुखरूप दिसते म्हणून पोटातले मूलही सुखरूप आहे, ही आपल्या समाजात सर्वत्र रूढ असलेली समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी वाचू शकले असते असे जीव जातात, हे सामान्य वाचकांपुढे स्पष्टपणे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

जगभरच्या अनुभवाचा ढोबळ हिशेब असा आहे की, दर बारा गरोदर स्त्रियांपैकी एकीला गरोदरपणाच्या काळात कोणती ना कोणती शारीरिक इजा होते. रस्त्यावरचे अपघात, घरात किंवा रानात पडणे आणि मारहाण ही तिची तीन प्रमुख कारणे सर्व देशांत सारखीच आढळतात. मात्र त्यांचे स्वरूप स्थानपरत्वे बदलते. आपल्याकडे दुचाकीवर मागे एका अंगाने बसण्याची रीत, चाकात अडकणारा पदर अथवा ओढणी, विहिरीच्या ओल्या पायऱ्या, दावणीच्या जनावराची लाथ आणि डोक्यावरचे ओझे यांचा त्या कारणांत समावेश करावा लागतो. यांपैकी ओझ्याचा विचार जालना जिल्ह्याच्या संदर्भात विशेष आस्थेने करणे प्राप्त आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडल्याशिवाय सुटका नसते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी त्याचा दंड वसूल होतो. अशा व्यवहारात सहावा-सातवा महिना लागलेली स्त्रीही उसाची मोळी डोक्यावर घेऊन उतरत्या फळीवरून ट्रकवर चढते. तिचा पाय घसरला तर तो तिच्या बेफिकिरीचा परिणाम मानता येणार नाही, कारण विश्रांती घेण्याची मुभा त्या करारात कोणीही तिला दिलेली नसते.

निसर्गाने गर्भाच्या रक्षणाची तजवीज फार विचारपूर्वक केली आहे, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. गर्भधारणेपासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत दडलेले असते, त्यामुळे त्या काळात पोटावर बसलेला मार गर्भापर्यंत क्वचितच पोहोचतो. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ते बेंबीच्या पातळीला येते, आणि पुढे बरगड्यांपर्यंत चढत जाते. या अवस्थेत हाडांचे कवच सुटलेले असले तरी पोटाची भिंत, गर्भाशयाचा जाड स्नायू आणि गर्भजल अशी तीन आवरणे आघाताचा जोर शोषून घेण्यास सिद्ध असतात. म्हणूनच बोथट माराने प्रत्यक्ष बाळाच्याच अंगाला इजा झाल्याची उदाहरणे शेकडा एकाहूनही कमी सापडतात. ती बहुधा दिवस भरत आल्यावर, बाळाचे डोके कटीत उतरलेले असताना आईच्या कटीचे हाड मोडले, तर त्याच्या कवटीला होणाऱ्या इजेच्या रूपाने दिसतात.

या संरक्षणाची साक्ष देणारी एक दुःखद घटना खुद्द या जिल्ह्यात घडली आहे. जून २०२५मध्ये भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या एका स्त्रीच्या पोटावर वैद्यकीय जेलीऐवजी साफसफाईसाठी ठेवलेले हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चुकून लावले गेले आणि तिची त्वचा भाजली. तथापि तिच्या पोटी जन्मलेले मूल निरोगी निघाले. त्या मातेने सोसलेल्या यातना आणि त्यामागची हयगय यांचे गांभीर्य त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. परंतु शास्त्राच्या दृष्टीने त्या घटनेतून एक गोष्ट उघड होते, ती ही की, आईच्या त्वचेपुरती मर्यादित राहिलेली जखम गर्भाला थेट स्पर्श करीत नाही. तीच जखम शरीराच्या मोठ्या भागावर पसरली असती, आणि तिच्या रक्तातील पाणी झपाट्याने बाहेर झिरपू लागले असते, तर गर्भाचा रक्तपुरवठा खालावून त्याच्या जिवावर बेतले असते. गर्भाला खरा धोका पोहोचतो तो या आडवाटेने, आईच्या रक्तामार्फत आणि वारेमार्फत.

वार ही गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. गर्भाशयाचा स्नायू लवचिक असून आघाताबरोबर तो दबतो, ताणतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. वारेला मात्र ही लवचिकता नसते, आणि म्हणून धक्क्याच्या क्षणी भिंत एका बाजूला सरकते, वार जागीच राहते, व दोहोंमधील सांधा उकलून त्या पोकळीत रक्त साचू लागते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचा, म्हणजे अडलेल्या गर्भाचा, जो अध्याय आहे, त्यात वाहनातून केलेला प्रवास, ठेच, पडणे, दाब, धावणे आणि आघात ही गर्भ सुटण्याची कारणे सांगितलेली असून, फळ जसे देठापासून सुटावे तसा तो आपल्या बंधनातून सुटतो असा दृष्टान्त योजिला आहे. वादळात हललेल्या मोसंबीच्या झाडाखाली सकाळी पडलेला सडा ज्यांनी पाहिला आहे त्या बागाईतदारांना त्याचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. किरकोळ वाटणाऱ्या मारानंतरही शेकडा १ ते ५ स्त्रियांमध्ये वार अशी अकाली सुटते, आणि मार जबर असेल तर हे प्रमाण शेकडा ४०पर्यंत जाते. किरकोळ अपघातांची एकंदर संख्याच फार मोठी असल्यामुळे, दगावणाऱ्या गर्भांपैकी पुष्कळांच्या आया ‘आपल्याला काही लागले नाही’ असेच सांगत घरी गेलेल्या असतात. कधी रक्त योनिमार्गे बाहेर येते आणि सावध करते; कधी ते वारेमागेच कोंडून राहते, बाहेर एक थेंबही दिसत नाही, आणि पोट दगडासारखे कडक होणे, पाठीत व ओटीपोटात सतत दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे एवढ्याच खुणा उरतात.

दुसरा धोका आईच्या रक्तस्रावाचा. गरोदरपणात स्त्रीच्या अंगातील रक्ताचे प्रमाण शेकडा ४० ते ५० इतके वाढते. प्रसूतीच्या वेळी होणारा स्राव तिला सोसता यावा अशी ही शिल्लक असते. परंतु अपघातात याच शिलकीमुळे डॉक्टरांची दिशाभूल होते, कारण सव्वा ते दीड लिटर रक्त वाहून गेले तरी तिची नाडी आणि रक्तदाब जवळजवळ नेहमीसारखे राहू शकतात. त्या अवधीत तिचे शरीर मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. म्हणजे आईला ग्लानी येण्यापूर्वीच बाळाचा प्राणवायू तुटलेला असतो. रक्त घटून ती प्रत्यक्ष ‘शॉक’च्या अवस्थेत गेली, तर दहापैकी आठ गर्भ दगावतात असे अनुभव सांगतो. त्यातही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत हे ध्यानी घेतले, म्हणजे ही शिल्लक आपल्या खेड्यांतील स्त्रीच्या खाती मुळातच किती तुटपुंजी असते याची कल्पना येते.

यावरून उपचारांचा पहिला सिद्धान्त निघतो, आणि तो जगातील सर्व वैद्यकीय पाठ्यक्रमांत एकमुखाने सांगितला जातो: बाळाला वाचवायचे असेल तर आधी आईला वाचवावे. अपघाताच्या जागीच पाळावयाची त्यातली एक गोष्ट इतकी साधी आहे की ती प्रत्येक रिक्षाचालकाला, पोलिसाला आणि आशाताईंना ठाऊक असली पाहिजे. पाच महिन्यांपुढची गरोदर स्त्री उताणी झोपवली, तर भरलेले गर्भाशय मणक्याला लागून असलेल्या मोठ्या शिरेवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि तिचा रक्तदाब उतरतो. म्हणून तिला डाव्या कुशीवर वळवावे. पाठीच्या कण्याला इजा झाल्याचा संशय असेल तर तिला न वळवता, ज्या फळीवर ती बांधलेली आहे तीच उजव्या बाजूला घोंगडीची गुंडाळी सारून १५ ते ३० अंश कलती करावी, किंवा कोणीतरी दोन्ही हातांनी पोट हलकेच डावीकडे सरकवून धरावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून धावत आहे. तिला बोलावताना ‘बाई गरोदर आहे, अमुक महिना चालू आहे’ एवढे सांगितले तरी पुढची सारी तयारी बदलते. मदत केल्याने पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल अशी भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही, कारण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

इस्पितळात पोहोचल्यावर श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण यांची तपासणी इतर कोणत्याही जखमीप्रमाणेच याच क्रमाने होते. फरक पडतो तो तपशिलात. प्राणवायू ताबडतोब सुरू केला जातो, कारण आईच्या रक्तात तो किंचित कमी झाला तरी बाळाला तुटवडा भासतो. सलाइनच्या सुया पायांत न लावता हातांच्या शिरांत लावतात, म्हणजे औषध गर्भाशयाच्या दाबाखाली अडकत नाही. छातीत साचलेली हवा किंवा रक्त काढण्यासाठी नळी घालायची असेल तर ती नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर घालतात, कारण गर्भाशयाने श्वासपटल वर लोटलेले असते. रक्तदाब ‘ठीक’ दिसतो म्हणून रक्त चढवण्यास विलंब न करणे, धनुर्वाताची लस गरोदरपणाचे निमित्त सांगून न टाळणे, या गोष्टीही त्यातच येतात.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांच्याविषयी घरच्या मंडळींच्या मनात जी धास्ती असते तिचे निरसन येथे केले पाहिजे. गर्भाला अपाय होण्याची शक्यता ५० मिलिग्रेपेक्षा अधिक किरणोत्सर्ग पोहोचल्यावरच विचारात घ्यावी लागते. छातीच्या किंवा हातापायांच्या एक्स-रेमध्ये त्याचा नगण्य अंश गर्भापर्यंत जातो, आणि पोटाचा एक सीटी स्कॅनदेखील साधारणतः त्या मर्यादेच्या आतच राहतो. आईच्या पोटात रक्तस्राव चालू असताना किरणांच्या भयाने तपासणी नाकारणे हे त्या दोघांनाही संकटात लोटणे होय. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग मुळीच नसतो आणि ती बाळाचे ठोके व पोटातील रक्त तत्काळ दाखवते; परंतु सुटलेली वार निम्म्याहून अधिक वेळा तिच्या पडद्यावर दिसत नाही, आणि म्हणूनच ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ एवढ्यावर विसंबून घरी निघणे धोक्याचे असते.

मग वार सुटते आहे हे कळावे कसे? त्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पहारा. सुमारे चोविसाव्या आठवड्यापुढील स्त्रीच्या पोटावर बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र लावून किमान ४ तास अखंड निरीक्षण करावे, असा संकेत आहे. ठोके मिनिटास ११० ते १६० यांच्या दरम्यान राहिले, कळा विरळ असल्या, रक्तस्राव नसला आणि पोट दुखत नसले, तर तिला घरी पाठवण्यास हरकत नसते. यांपैकी एकही लक्षण बिघडले किंवा मार जबर असला तर मुक्काम २४ तासांचा करावा लागतो. हे यंत्र नसेल तेथे हातातल्या डॉपलरने ठोके ठरावीक अंतराने ऐकून त्यांची वेळेसह नोंद ठेवणे हे काही न करण्यापेक्षा शतपटीने हितकर आहे. या चार तासांत बाहेरून काहीच घडत नाही, औषध नाही, शस्त्रक्रिया नाही; त्यामुळे सोबतच्या मंडळींना तो वेळ व्यर्थ वाटतो आणि ती डिस्चार्जची घाई करतात. गर्भाची जबानी नोंदवली जाते ती नेमकी याच वेळात, हे त्यांना कोणीतरी बसून समजावले पाहिजे.

रक्तगटाचीही एक बाब आहे, जिची हयगय पुढच्या बाळंतपणाला भोवते. आपल्याकडे शेकडा पाचांच्या आसपास लोक आरएच-निगेटिव्ह असतात. अशा आईच्या पोटातले मूल आरएच-पॉझिटिव्ह असून आघाताने त्याचे थोडे रक्त तिच्या रक्तात मिसळले, तर तिचे शरीर त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती पुढच्या मुलाच्या रक्तपेशींचा नाश करतात. अपघातानंतर ७२ तासांच्या मुदतीत ३०० मायक्रोग्रॅमचे अँटी-डी इंजेक्शन दिल्यास हा अनर्थ टळतो. आणि एवढी मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्तापुरतीच पुरी पडते, म्हणून अधिक रक्त मिसळल्याची शंका असेल तर त्याचे मोजमाप करणारी चाचणी करून मात्रा वाढवावी लागते.

वार मोठ्या प्रमाणात सुटली, बाळाचे ठोके घसरू लागले आणि ते जगण्याजोगे वाढलेले असले, तर शस्त्रक्रियेने त्याला बाहेर काढण्याचा निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो. मुदतीपूर्वी प्रसूतीचा संभव दिसत असून थोडा अवधी मिळण्याजोगा असेल, तर बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. सर्वांत कठीण प्रसंग असतो तो आईचे हृदयच बंद पडल्याचा. छातीदाबाने ते चार मिनिटांत सुरू झाले नाही आणि गर्भाशय बेंबीपर्यंत वाढलेले असेल, तर शस्त्रक्रियागृहाची वाट न पाहता जागच्या जागी पोट उघडून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढावे, असा दंडक व्हर्न कॅट्झ या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यांसह मांडला. मरण पावलेल्या मातेच्या कुशीत स्पंदन जाणवत असेल तर वैद्याने तत्क्षणी कूस उघडून बालक काढावे, ही आज्ञा सुश्रुतसंहितेतही आहे. आधुनिक शास्त्राने तीत घातलेली भर अशी की, गर्भाशय रिकामे झाल्याबरोबर मोठ्या शिरेवरील दाब हटतो, रक्त हृदयाकडे परतू लागते, आणि निष्प्राण भासलेली माताही कधी कधी परत येते. आईसाठी आणि बाळासाठी करावयाची गोष्ट येथे एकच ठरते.

जालन्यात गांधी चमन येथील स्त्री रुग्णालय आहे, २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि त्याहून मोठ्या उपचारांसाठी सुमारे ६० किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगरचे, ‘घाटी’ या नावाने सर्वांना परिचित असलेले रुग्णालय आहे. परतूर-मंठ्याकडच्या स्त्रीला जालना गाठण्यातच तासाहून अधिक वेळ जातो. तेव्हा रवानगीपूर्वी रक्तगट तपासून, सलाइन सुरू करून, ठोके नोंदवून आणि पुढच्या इस्पितळाला दूरध्वनीने वर्दी देऊन तिला डाव्या कुशीवर पाठवणे, ही कामे तालुक्याच्या ठिकाणीच होणे अगत्याचे आहे.

मारहाणीचा उल्लेख शेवटी करीत असलो तरी तो महत्त्वाने शेवटचा नाही. ‘पायरीवरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीच्या पोटावर, छातीवर किंवा दंडावर निरनिराळ्या दिवसांचे वळ दिसले, तर डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी सासर-माहेरच्या मंडळींना बाहेर बसवून तिच्याशी एकान्तात बोलले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा आणि त्याखालील संरक्षण अधिकारी तिच्या साह्यासाठी आहेत, १८१ क्रमांकाची महिला हेल्पलाइन आहे. आणि सदोष मनुष्यवधाइतक्या गंभीर कृत्याने पोटातल्या सजीव मुलाचा मृत्यू घडवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ३१६मध्ये १८६०पासून होती, तीच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ९२मध्ये कायम आहे.

प्रतिबंधाचे उपाय थोडे आणि हाताशी असलेले आहेत. मोटारीत बसताना पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून मांड्यांच्या सांध्यावर आणि वरचा भाग दोन्ही स्तनांमधून घ्यावा, पोटावरून नव्हे. शेवटच्या महिन्यांत दुचाकीचा प्रवास शक्य तितका टाळावा. आणि ऊसतोडीच्या फडावर गरोदर स्त्रीला मोळी वाहण्याच्या कामातून उचल न कापता मोकळीक मिळावी, ही जबाबदारी मुकादमाची व कारखान्याचीही मानली जावी. याबरोबरच अपघाताच्या प्रत्येक नोंदवहीत, मग ती प्राथमिक आरोग्य केंद्राची असो की जिल्हा रुग्णालयाची, मूल होण्याच्या वयातील जखमी स्त्रीपुढे चार रकाने सक्तीने भरले जावेत: गरोदर आहे काय, कितवा आठवडा, बाळाचे ठोके किती, रक्तगट कोणता. या नोंदीला नवी इमारत लागत नाही, की मोठे अंदाजपत्रक लागत नाही. ती नियमाने होऊ लागली, आणि तिच्यामागोमाग चार तासांचा पहारा हा उपकार नसून रुग्णाचा हक्क आहे असे कुटुंबानेही मानले, तर ज्याचे दुखणे कोणाच्याही कानी पडत नव्हते त्या रुग्णाचे नाव प्रथमच आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या दप्तरी लागेल, आणि त्याला वाचवण्याची संधी वेळ निघून जाण्यापूर्वी आपल्या हाती येईल.